सांध्यावर सुरी

डबा उघडल्यावर डॉक्टर नाडगौडांनी आधी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे, मग परत डब्यात.

"हे काय आहे?"

"दिल, गुर्दा आणि काळीज, साहेब," मी म्हणालो. "सकाळचंच आहे. एकदम ताजं."

"ताजं आहे ते दिसतंय. पण हे परीक्षेला आणलंय की रश्श्यात टाकायला?"

मला प्रश्नच कळला नाही. मी डब्यात वाकून बघितलं. माल पहिल्या प्रतीचा होता. दिलाचे सारखे तुकडे केले होते. वरच्या नळ्या आणि चरबी काढून टाकली होती. गुर्दा मधोमध उभा चिरून आतली पांढरी चरबी काढली होती. काळजावरचा पापुद्रा सोलून त्याचेही तुकडे पाडले होते. सगळं तीन पाण्यांनी धुतलं होतं. आमच्या दुकानातून कलेक्टरच्या घरी जरी डबा गेला असता तरी याहून चांगला गेला नसता.

सिस्टर अलेयम्मा डॉक्टरांच्या मागे उभ्या होत्या. त्या नर्सिंग स्कूलच्या शिक्षिका, मूळच्या केरळच्या. त्यांनी कपाळाला हात लावला. आणि त्यांच्या शेजारी निळ्या पट्ट्यांच्या गणवेशात शेवंता उभी होती. माझी बायको. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या तुकड्यांकडे बघत होती.

हे चौऱ्याण्णव सालचं, करमाळ्याचं. आमचं मटणाचं दुकान. मी आणि माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, दोघे मिळून चालवायचो. शेवंता लग्न होऊन आली तेव्हा दहावी पास होती. आमच्या पलंगे घराण्यात तेवढं शिकलेलं बाई माणूस तोवर आलं नव्हतं. दुकानाशेजारी एक खाजगी दवाखाना होता, तिथे ती आयाचं काम करायला लागली. तिथल्या मेट्रननं तिच्या हाताचं काम बघितलं, बाहेरून बारावी करायला लावली आणि नर्सिंगला अर्ज भरायला लावला. नंबर लागला.

पहिल्या वर्षी ती शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत नापास झाली. लेखी पास झाली होती. तोंडीला समोर डॉक्टर बसलेले बघून तिचा आवाजच फुटला नाही. तिनं मला घरी येऊन एवढंच सांगितलं की, मला सगळं येत होतं आणि माझं तोंड उघडलं नाही. पहिल्या फेरपरीक्षेलाही तेच झालं. नियम असा होता की, दुसऱ्या फेरपरीक्षेला, त्याच सत्रात, पास झालं नाही तर नाव कमी होणार. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. झालं तर झालं, नाही तर शेवंता दुकानाच्या गल्ल्यावर बसेल, त्यात काही कमीपणा नाही.

त्यात कमीपणा नव्हता हे खरंच. पण तिला ते नको होतं, आणि मलाही.

आता ते शब्द. तिची खरी भीती डॉक्टरांची नव्हती, शब्दांची होती. पुस्तकातला एकेक शब्द बाजारच्या पिशवीएवढा लांब. इंग्रजी आधीच तिला जड, त्यात हे. वर्गातल्या बाकीच्या पोरी बारावी सायन्सच्या, वयानं लहान. त्यांना निदान शब्द उच्चारता तरी यायचे. एक दिवस शेवंता वर्गात रडली, तेव्हा सिस्टर अलेयम्मांनी तिला थांबवून घेतलं. त्यांच्या मराठीत त्या म्हणाल्या, "पलंगे, हे इंग्लिश नाय. हे ग्रीक आणि लॅटिन हाय. लंडनची पोरगी नर्सिंगला आली ना, तिला पण हे येत नाय. ती पण तुझ्यासारखी पाठ करते."

शेवंता घरी आली ती चालत नाही, जवळजवळ पळत आली. मी दुकानात एकटाच होतो. सोमवार होता, सोमवारी गावात मटण खपत नाही. ती मटण तोडायच्या ओंड्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, इंग्रजांना पण येत न्हाई."

"काय येत न्हाई?"

"हे शब्द. त्यांना पण शिकावं लागतं. म्हंजे आम्ही सगळ्या एकाच रांगेत उभ्या हाय. मीच एकटी मागं न्हाई."

मग तिनं सिस्टरनी सांगितलेली युक्ती सांगितली. लांब शब्द पाठ करायचाच नाही. तो फोडायचा. प्रत्येक तुकडा म्हणजे एक वस्तू. हेपॅट म्हणजे काळीज, आपल्या दुकानातलं काळीज, डॉक्टर ज्याला लिव्हर म्हणतात ते. नेफ्रो म्हणजे गुर्दा, त्यांची किडनी. कार्डिओ म्हणजे दिल. गॅस्ट्रो म्हणजे पोट, एन्टेरो म्हणजे आतडी. शेवटाला आयटिस लागलं की त्याला सूज आली. एक्टमी लागलं की ते कापून काढलं. मेगॅली लागलं की ते वाढलं.

"फोडायचा कसा पण?" ती म्हणाली. "कुठं तुटतो ते कळायला पायजे ना."

मी हसलो. हे तिनं दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर वेगळं. मी बोकडाची मागची तंगडी समोर घेतली. तिला म्हटलं, नवा पोरगा हाडावर सत्तूर मारत बसतो. हाड फुटतं, कपच्या उडतात, गिऱ्हाइकाच्या दाताखाली येतात. जुना माणूस बोटानं सांधा चाचपतो. सांधा सापडला की सुरी नुसती टेकवायची, ती आपली आपण आत जाते. जोर लागत असला तर समजायचं आपण चुकीच्या जागी आहोत.

तिनं सुरी हातात घेतली. बोटानं चाचपलं. सुरी टेकवली. तंगडी वेगळी झाली.

त्यानंतर पुढचे महिने आमच्या दुकानात काय चाललं होतं ते गिऱ्हाइकांना कळलंच नसेल. सुट्टीच्या दिवशी शेवंता आतल्या बाजूला पाटावर बसायची. मी आकड्यावरचा माल उतरवून कापायचो आणि ती हळू आवाजात नावं घ्यायची. कुणी जीभ मागितली की ग्लॉसो. हाड फुटलं की ऑस्टिओ. गुर्द्याला तर दोन नावं होती, ग्रीकांचं वेगळं आणि लॅटिनवाल्यांचं वेगळं, रीनल. त्याचं तिला नवल वाटलं. मी म्हटलं, त्यात काय, अत्तारांच्या घरचं माणूस कलेजी मागतं, देशमुखांच्या घरचं काळीज मागतं, आपण एकच वस्तू देतो की नाही. तिला ते फार पटलं. अण्णा मात्र चेष्टा करायचे. म्हणायचे, भानुदास, आता वजनकाट्यावर पण ग्रीक किलो ठेव, गिऱ्हाईक निम्मंच मटण घेऊन घरी जाईल, त्याला कळायचं पण नाही.

ऐकून ऐकून मलाही ते शब्द यायला लागले. त्याचा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, आता गेल्या वर्षी, सोलापूरच्या दवाखान्यात शेवंताच्या खाटेशी उभा होतो. मोठे डॉक्टर फाईल बघत शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत काही म्हणाले, त्यात एक शब्द आला, हेपॅटोमा. ओमा म्हणजे गाठ. डॉक्टर बाहेर गेले. शेवंता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कळलं ना?" ती म्हणाली.

"कळलं."

"बरं झालं. आता मला सांगाय नको."

ते असो. मी परीक्षेचं सांगत होतो.

नर्सिंग स्कूलमधले काचेच्या बरण्यांतले नमुने त्या उन्हाळ्यात खराब झाले होते. औषधाचं पाणी उडून गेलं आणि आतले अवयव चामड्यासारखे झाले. फेरपरीक्षा तोंडावर. परीक्षक म्हणून बाहेरगावचे डॉक्टर नाडगौडा येणार. सिस्टर अलेयम्मांनी आदल्या दिवशी शेवंताला बाजूला घेऊन विचारलं की, तुझ्या घरून बकऱ्याचं ताजं दिल, गुर्दा आणि काळीज मिळेल का, माणसाचं जवळजवळ तसंच असतं, दाखवायला चालेल. शेवंतानं हो म्हटलं.

तिच्या वर्गातल्या पोरींना ती खाटकाची बायको आहे हे माहीत नव्हतं. मालकांचा, म्हणजे माझा, धंदा आहे, एवढंच तिनं सांगितलं होतं. शाळेत जाताना ती डोक्यावरून पाणी घ्यायची, दुकानाच्या बाजूनं न जाता मागच्या बोळानं जायची. मला त्याचं काही वाटलं नाही. पांढऱ्या टोपीत जायचं म्हणजे माणूस सांभाळून राहणारच. त्या रात्री जेवताना ती मला म्हणाली, "एक दिल, एक गुर्दा, एक काळीज. चांगलं बघून आणा. दाराशी सिस्टरच्या हातात डबा द्या आन् माघारी फिरा."

परीक्षा नेमकी सोमवारी आली. मी अण्णांना न विचारता एक बोकड पाडला. अण्णांची बोलणी खाल्ली. आणि मग मी जे चांगलं म्हणून केलं ते असं झालं.

वडील शिकवायचे की गिऱ्हाइकाला घरी जाऊन सुरी हातात घ्यावी लागली तर तू खाटीक कसला. आमच्या हातून अख्खा दिल, नळ्यांसकट, चरबीसकट, कुणाच्या हातात जायचा म्हणजे आमचं नाक कापल्यासारखं. न कापता आणा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरना वाटलं असणार, हे सांगायला कशाला पाहिजे. आणि मला वाटलं, बायकोची परीक्षा आहे, नेहमीपेक्षा बारीक काम करू.

दाराशी सिस्टर नव्हत्या. शिपायानं मला आत नेलं. आणि डॉक्टर नाडगौडांनी डबा उघडला.

"दुसरं आणता येईल का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की आज सोमवार, गावात दुसरं बकरं पडणार नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. मग सिस्टरना म्हणाले की, नमुन्याशिवाय मी तोंडी घेऊ शकत नाही. या मुलींची परीक्षा पुढच्या सत्रात घेऊ, मी तसं कळवतो.

बाहेर व्हरांड्यात बाकीच्या चार-पाच नापास पोरी थांबल्या होत्या. त्यांना पुढचं सत्र म्हणजे थोडा उशीर. त्यांची ती पहिलीच फेरपरीक्षा होती. शेवंताला पुढचं सत्र नव्हतंच. सिस्टर अलेयम्मा इंग्रजीत भराभर काहीतरी सांगू लागल्या, बहुतेक तेच. डॉक्टरांनी मान हलवली. ते रागावलेले नव्हते. नियम तो नियम, अशी त्यांची मान हलली. डब्याचं झाकण माझ्या हातात होतं, ते कुठे ठेवावं ते सुचेना.

"सर, मी जुळवते," शेवंता म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "काय जुळवता?"

"दिल. हार्ट, सर. सगळे तुकडे यातच हायत. मी जुळवून दाखवते. मग विचारा."

आधीच्या तोंडीला जिचं तोंड उघडलं नव्हतं, ती न विचारता बोलली होती. डॉक्टरांनी पांढरा एनॅमलचा ट्रे तिच्यापुढे सरकवला. मी जायला निघालो तर म्हणाले, "तुम्ही थांबा. काय काय कापून टाकलंय ते तुम्हाला विचारावं लागेल."

तिनं हात धुतले. एकेक तुकडा उचलून बोटानं त्याची जाडी बघितली. जाड भिंतीचे एका बाजूला, पातळ भिंतीचे दुसऱ्या बाजूला. जाड ती डावी. अंगभर रक्त ढकलायचं म्हणून ती जाड, हे ती इंग्रजीत सांगत गेली. तिचं इंग्रजी मोडकं होतं. वाक्यात कुठे कुठे क्रियापदच नव्हतं. पण अवयवाचं नाव आलं की आवाज ठाम व्हायचा. मी कापलेल्या प्रत्येक जागी तिनं कड कडेला लावली. पडद्यांचे धागे बघून कुठला तुकडा कुठे ते ओळखलं. सुरी जिथून गेली होती तिथूनच ती परत येत होती. बघता बघता ट्रेमध्ये मुठीएवढा दिल उभा राहिला. वरून उघडा, नळ्या नसलेला.

मी आयुष्यभर तोडायचं काम केलं. कुणी जुळवताना मी तोवर बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. पेन्सिलीच्या टोकानं वरची रिकामी जागा दाखवली. इथे काय होतं, असं त्यांनी विचारलं. तिनं बोटानं हवेत नळी काढली, नाव सांगितलं, रक्त कुठून कुठे जातं ते सांगितलं.

"हे कापलं कुणी?" डॉक्टर म्हणाले.

दार उघडंच होतं. बाहेरच्या पोरी दारात येऊन उभ्या होत्या, सगळं बघत होत्या. मी खाली बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, दुकानदारानं.

"माझ्या मालकांनी, सर," शेवंता मराठीत म्हणाली. माझ्याकडे हात केला. "ते खाटीक हायत. दिलावरची नळी कुणी खात न्हाई, म्हणून ते आधी काढतात."

डॉक्टरांनी मला वर-खाली बघितलं. म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा." मग पुन्हा तिच्याकडे वळले.

गुर्द्याला मी मधोमध चिरलं होतं ते बरंच झालं म्हणाले, ते तसंच दाखवतात. काळजाशी आल्यावर त्यांनी विचारलं की याच्यात काय कमी आहे. शेवंतानं लगेच सांगितलं की पित्ताची पिशवी कमी आहे, बोकड पाडल्यावर ती पहिली काढतात, फुटली तर सगळं कडू होतं. डॉक्टर हसले. मग त्यांनी टेबलावर बोटं वाजवली, थोडा विचार केला आणि एक शब्द टाकला. असला लांब शब्द मी दुकानात तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कोलेसिस्टोलिथायसिस.

सिस्टर अलेयम्मा पुढे झाल्या. मला कळलं की हा शब्द शिकवलेला नाही.

मी शेवंताकडे बघत होतो आणि मला ती नापास झाली तेव्हाचं आठवायला लागलं. तिचे ओठ मिटलेले होते. पण तिचा उजवा हात ट्रेच्या कडेवर होता आणि अंगठा तर्जनीवरून सरकत होता, सावकाश, थोडा पुढे, थोडा मागे. सांधा चाचपताना माझा हात तसाच चालतो. तिनं अंगठा थांबवला.

"कोले म्हंजे पित्त," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या फळ्यावर असतं सर, कोलेसिस्टेक्टमी. सिस्ट म्हंजे पिशवी. लिथ म्हंजे दगड, ते मुतखड्याच्या पेशंटच्या पेपरवर बघितलं, नेफ्रोलिथायसिस. म्हंजे पित्ताच्या पिशवीत खडे झालेत."

"हा शब्द आधी ऐकला होता?"

"न्हाई सर. आत्ताच."

डॉक्टर नाडगौडांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. त्यांनी तिला जायला सांगितलं. मी ट्रे उचलायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या तो. बाकीच्यांची परीक्षा याच्यावरच घेतो. नीट जुळवलंय."

त्या दिवशी बाकीच्या सगळ्या पोरींची तोंडी शेवंतानं जुळवलेल्या दिलावर झाली.

आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. आतून पोरींची उत्तरं ऐकू येत होती. कुणी अडखळली की शेवंता पुटपुटून बरोबर उत्तर द्यायची. मी तिला म्हटलं, कापायला नको होतं ना. ती म्हणाली, "सांगायला पायजे हुतं मी. तुम्ही काय, तुमच्या परीनं सजवूनच आणणार."

सिस्टर अलेयम्मा मध्ये एकदा बाहेर आल्या. त्यांनी शेवंताच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत आत गेल्या. त्यावरूनच आम्हाला कळलं, ती पास झाली.

शेवटची पोरगी परीक्षा देऊन आली आणि त्या सगळ्या जणी आमच्या बाकाभोवती जमल्या. मी उठायला लागलो. दुकानातले कपडे होते माझ्या अंगावर, सदऱ्यावर सकाळचा डाग होता. एक पोरगी म्हणाली, "पलंगेताई, तो शेवटचा शब्द फोडून सांगा ना. आणि ती पिशवी नक्की असते कुठे? पुस्तकातल्या चित्रावरून मला कधीच कळत नाही."

"बसा हो," शेवंता मला म्हणाली. मग परत म्हणाली, "न्हाई, उभंच राहा. सरळ राहा."

मी सरळ उभा राहिलो. आमच्यात बाई माणूस चार लोकांत नवऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण भर दिवसा, परक्यांसमोर तिनं मला कधी बोट लावलं नव्हतं. ती माझ्यापुढे आली, डाव्या हातानं माझा सदरा सारखा केला आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या उजव्या बरगडीखाली टेकवली.

"इथं," ती म्हणाली. "हेपॅट. काळीज. आन् त्याच्या खाली, हे बघा, हितं चिकटून असती पिशवी."

पोरी वाकून बघायला लागल्या. एकीनं विचारलं की श्वास घेतल्यावर ते खाली सरकतं ना. शेवंता हो म्हणाली आणि मला म्हणाली, "श्वास घ्या."

मी श्वास घेतला. तिची बोटं बरगडीबरोबर वर आली. ती पोरींना पुढचं सांगत राहिली आणि तिनं बोटं काढली नाहीत, म्हणून मी तो श्वास सोडला नाही.